सूर्यग्रहण बघताना डोळे कसे सांभाळायचे?

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. या दिवशी मोठं सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला असेल. नंदुरबार जिल्ह्यात मात्र हेच ग्रहण दुपारनंतर खंडग्रास दिसेल, आणि डोळ्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

२२ जुलै २००९ च्या सकाळी खग्रास ग्रहणाचा पट्टा सुरतकडून इंदूरकडे जाताना आपल्या जिल्ह्यावरून गेला होता. सूर्य पूर्ण झाकलेला असतो तेवढी मोजकी मिनिटंच चष्मा काढून बघता येतं. खंडग्रास ग्रहणात असा एकही सुरक्षित सेकंद नसतो. त्यामुळे ‘मागच्या वेळी बघितलं होतं, काही झालं नाही’ हा हिशोब इथे चालत नाही.

नेमकं काय बिघडतं?

सूर्य अर्ध्याहून जास्त झाकला की उजेड कमी वाटतो. पण उरलेल्या कोरीचं तेज तेवढंच असतं. डोळ्याचं भिंग तो प्रकाश पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एका ठिपक्यात गोळा करतं आणि तिथल्या पेशींना इजा होते. रेटिनाला वेदना कळत नाहीत, म्हणून त्या क्षणी काहीच जाणवत नाही. त्रास बऱ्याचदा काही तासांनी लक्षात येतो: मधोमध काळा डाग, अक्षरं वाकडी दिसणं, रंग फिके वाटणं. यावर खात्रीचा उपचार नाही.

परातीतल्या पाण्यात बघितलं तर?

ही पद्धत अनेक घरांत आहे, म्हणून थोडं गणित करू. आयएसओ १२३१२-२ या मानकाचा ग्रहण-चष्मा जास्तीत जास्त ०.००३२ टक्के दृश्य प्रकाश आत सोडतो. सूर्य डोक्यावर असताना पाणी सुमारे २ टक्के प्रकाश परत फेकतं, म्हणजे चष्म्याच्या सहाशे पट! सूर्य ३० अंशांपर्यंत उतरला की हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास जातं. पाण्यात हळद किंवा शेण कालवलं तरी पृष्ठभाग चमकतोच.

हे वापरू नका

- काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म, सीडी. अंधारी दिसली तरी न दिसणारे अवरक्त किरण त्यातून येऊ शकतात.
- साधा गॉगल, एकावर एक दोन घातले तरी.
- वेल्डिंगची १० किंवा ११ नंबरची काच. सूर्यासाठी १४ नंबर लागतो.
- ग्रहण-चष्मा घालून दुर्बीण. एकवटलेला प्रकाश चष्म्याची फिल्म जाळू शकतो. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडालाच हवा.

चष्मा कसा तपासायचा?

नुसता छापील शिक्का पुरेसा नाही, कारण शिक्का कोणीही छापू शकतो. खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. चष्मा घालून घरात बघा: फार प्रखर दिवा अंधुक दिसला तर चालेल, पण भिंत, फर्निचर असं काही दिसलं तर तो चष्मा बाद. ओरखडा, भोक किंवा घडीवर चीर असेल तरी फेकून द्या. सूर्याकडे बघण्याआधी घाला, मान वळवल्यावरच काढा. मुलांसोबत मोठं माणूस असू द्या.

बिनखर्चाचा उपाय

पुठ्ठ्याला सुईने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि त्यातून येणारा उजेड पांढऱ्या कागदावर घ्या. कागद २ मीटर लांब धरला तर साधारण २ सेंटिमीटरचा सूर्य उमटेल, ग्रहण लागलेल्या आकारातच. स्वयंपाकघरातला झारा धरला तर एकदम डझनभर चंद्रकोरी! कडुनिंबाच्या सावलीतही त्या जमिनीवर सापडतील. भोकातून सूर्याकडे मात्र बघायचं नाही. शाळेच्या मैदानावर पूर्ण वर्गाला एकाच वेळी दाखवायला ही सगळ्यात चांगली पद्धत आहे.

ढग असले तर?

ऑगस्ट म्हणजे पावसाळा, त्यामुळे ही शक्यता बरीच आहे. पातळ ढगाआडून सूर्य सौम्य वाटतो आणि आपण टक लावून बघतो. ढग सरकला की पूर्ण तेज थेट डोळ्यात. म्हणून ढगातही चष्मा हवाच.

बघून झाल्यावर डाग किंवा अंधुकपणा जाणवला तर मध, गुलाबपाणी असलं काही डोळ्यात घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.