रामटेक : गडाखालचे पाणी

नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे नगर; नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किमी. जबलपूर रस्त्यावर मनसरला उजवीकडे वळले, की गडमंदिराची शिखरे दिसू लागतात. बहुतेक प्रवासी गड पाहून परततात. हे गाव कळायचे, तर गड उतरून तळ्यापाशी यावे.

टेकड्यांच्या कुशीतला अंबाळा तलाव हे रामटेकचे खरे अंगण. काठाने घाट आणि देवळे, आणि तिथूनच गडावर चढणाऱ्या दगडी पायऱ्या. अंबा नावाच्या सूर्यवंशी राजाचे कुष्ठ इथल्या स्नानाने बरे झाले, अशी दंतकथा आहे. लोक इथे पिंडदानाला येतात. वर रामाचे दर्शन, खाली पितरांचे कार्य.

पाण्याचा हा महिमा जुना आहे. ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर राहतो, तिथले पाणी सीतेच्या स्नानाने पावन झालेले. तो रामगिरी म्हणजे रामटेक, असे वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. काही अभ्यासक मात्र छत्तीसगडातल्या रामगढकडे बोट दाखवतात. वाकाटकांचा पुरावा अधिक ठाम आहे. त्यांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे जवळचे नगरधन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ऋद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. गडावरच्या केवल नरसिंह मंदिरातल्या खंडित शिलालेखात तर ‘सुदर्शन’ नावाच्या जलाशयाचा उल्लेख येतो. देवळाबरोबर पाणी साठवणे हेही पुण्यच, ही समजूत दीड हजार वर्षांपूर्वी इथे दगडावर कोरली गेली, हे मोठे मोलाचे.

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी गडमंदिराला वैभव दिले. त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री देवाचे जुने पीतांबर जाळून गडावर ‘टिपूर’ पेटवतात. त्या उजेडात रामाचे दर्शन घडते, अशी श्रद्धा आहे.

‘मेघदूता’च्या कवीच्या नावाने १९९७ मध्ये येथे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ स्थापन झाले.

गावाचे पोट मात्र पाण्यावर. विड्याच्या पानांसाठी रामटेक पूर्वापार प्रसिद्ध. नाजूक वेलींना सावली आणि सतत ओल हवी, आणि बारी समाजाने हे पानमळे पिढ्यान्‌पिढ्या जपले. इंग्रजी अमदानीत सूर नदी अडवून खिंडसीचा विस्तीर्ण जलाशय झाला. आज नागपूरकर तिथे नौकाविहाराला जातात. त्याच पाण्यावर खालच्या बांध्यांमध्ये धान उभे असते.