वीरगळ, टाक आणि देवघर : रणमृतांच्या स्मृतीची घरगुती बाजू

(१)

महाराष्ट्रातील जुन्या गावांच्या वेशीबाहेर, शिवालयाच्या आवारात किंवा पिंपळाच्या पारालगत शेंदूर माखलेले उभे शिलापट्ट पुष्कळ ठिकाणी आढळतात. गावकरी त्यांना देव समजून हळदकुंकू वाहतात. इतिहासाचा अभ्यासक त्यांना वीरगळ म्हणून ओळखतो. ‘वीरगळ’ या शब्दातील उत्तरपद कन्नड ‘कल्लु’ म्हणजे दगड या शब्दाशी संबद्ध आहे, आणि लढाईत किंवा गावाच्या रक्षणात धारातीर्थी पडलेल्या पुरुषाचे स्मारक हा त्याचा अर्थ आता सर्वमान्य आहे. महाराष्ट्रातील अशा शिळांपैकी पुष्कळ शिळा शिलाहार व यादव यांच्या राजवटींतील आहेत.

वीरगळाची मांडणी बहुधा ठरीव असते. शिळेचे तीन किंवा चार आडवे थर असतात. सर्वांत खालच्या थरात वीर मरून पडलेला दिसतो; गोधनाच्या रक्षणार्थ तो पडला असेल तर शेजारी गाई कोरलेल्या असतात. त्यावरच्या थरात युद्धाचा प्रसंग, त्याच्याही वर अप्सरा वीराला स्वर्गाकडे नेत आहेत असा देखावा, आणि शेवटी शिवलिंगाची पूजा करणारा वीर. माथ्यावर चंद्रसूर्य असतात. ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ ही कीर्ती टिकावी असा त्यांचा भाव. मुंबईजवळ बोरिवलीच्या एकसर येथील वीरगळांवर जहाजांचे युद्ध कोरलेले आहे. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यामध्ये तेराव्या शतकात झालेल्या संघर्षाशी काही विद्वान त्याचा संबंध जोडतात.

या शिळांचे एक वैगुण्य अभ्यासकास प्रथमदर्शनीच जाणवते. कर्नाटकातील वीरगळांवर वीराचे नाव, त्याचा धनी, प्रसंग व काल सांगणारे लेख विपुल आहेत. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मात्र लेखविरहित आहेत. कीर्ती चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावी अशी इच्छा दगडाने सांगितली, पण ती कोणाची कीर्ती हे सांगितले नाही. हे सांगण्याची गरज कोरणाऱ्यास व कोरवून घेणाऱ्यास का भासली नसावी, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. शिळा उभी राहिली तेव्हा तिच्यासमोर नैवेद्य ठेवणारे घर गावातच होते, आणि नाव त्या घराला ठाऊक होते, हे त्याचे सर्वांत साधे उत्तर होय. दगड घराच्या भरवशावर मुका राहिला असे म्हणता येईल. ते घर उठून गेले किंवा त्याचा वंश खुंटला, की शिळा निनावी झाली.

(२)

वीरगळाच्या शेजारी पुष्कळदा सतीशिळा असते. तिच्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला स्त्रीचा उजवा हात कोरलेला असतो. रणमृताच्या घरातील स्त्री दगडावर आली ती या एकाच रूपाने. जिने सहगमन केले तिला शिळा मिळाली. जी मागे राहिली, जिने पोरके लेकरू वाढविले, कुळाची जमीन राखली आणि मृताचे नाव त्याच्या मुलाच्या तोंडी बसविले, तिला शिळा नाही. स्मारकांच्या या निवडीमुळे इतिहासलेखनातही एक कल रूढ झाला. वीराचा विचार रणांगणावर होतो, स्त्रीचा विचार चितेवर होतो, आणि त्या दोहोंनंतर तीस-चाळीस वर्षे चाललेल्या घराचा विचार होतच नाही. वास्तविक स्मृती टिकविण्याचे काम याच घराने केले आहे.

या घरगुती स्मृतीची साधने अगदीच लुप्त झालेली नाहीत. त्यांतील पहिले साधन म्हणजे देव्हाऱ्यातील टाक. टाक म्हणजे चांदीच्या किंवा अन्य धातूच्या लहान पत्र्यावर उठविलेली प्रतिमा. खंडोबा, भवानी, भैरव या कुलदेवतांच्या टाकांबरोबरच अनेक घराण्यांत ‘वीर’ म्हणून एक टाक पूजेत असतो. घरातील लढाईत पडलेला किंवा अकाली मृत्यू पावलेला पूर्वज त्या रूपाने देवांच्या पंक्तीस बसतो. वेशीबाहेरचा वीर शिवलिंगासमोर बसलेला आहे, तर घरातला वीर कुलस्वामीच्या शेजारी बसलेला आहे. कल्पना एकच, स्थान मात्र निराळे. टाकावरही नाव नसते. पण टाक उजळताना, कुलधर्माच्या दिवशी नैवेद्य दाखविताना किंवा नव्या सुनेला देव ओळखवून देताना सासू ‘हा अमक्याचा’ म्हणून सांगते. हे सांगणे हाच त्या टाकाचा लेख होय.

दुसरे साधन पंचांगात आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीस शस्त्राने मृत्यू पावलेल्यांचे श्राद्ध करण्याचा प्रघात आहे. लोकव्यवहारात तिला घातचतुर्दशी म्हणतात. पितृपक्षात सामान्यतः ज्या तिथीस मृत्यू झाला त्या तिथीस श्राद्ध होते. शस्त्रहतांना मात्र शास्त्राने स्वतंत्र दिवस दिला आहे. दूरच्या मुलखात पडलेल्या शिपायाच्या मरणाची तिथी घरी नेमकी कळेलच असे नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दिवसाची व्यावहारिक उपयुक्तता स्पष्ट होते. नाशिक येथे धुळवडीच्या दिवशी निघणारी वीरांची मिरवणूक हे तिसरे साधन. देव्हाऱ्यातील वीराचे टाक घेऊन कुटुंबे गोदावरीवर जातात, त्यांना स्नान घालतात, आणि घरातील लहान मुले देवांचे व वीरांचे वेश घेऊन त्यांत सामील होतात. मृताचा वेश वंशातील सर्वांत लहान मुलाने घ्यावा, यात घराने स्मृतीची सोय कशी लावली आहे हे दिसून येते.

(३)

राजसत्तेनेही रणमृताचा सन्मान करताना घराचाच आधार घेतला, याला मराठी कागदपत्रांत प्रमाण आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध होऊन त्याच्या सैन्याचा मोड झाला. त्यानंतर शिवाजी महाराजांनी काय व्यवस्था केली हे कृष्णाजी अनंत सभासद याने आपल्या बखरीत नमूद केले आहे. युद्धात जे लोक कामास आले त्यांच्या मुलांना चालविण्याची तजवीज झाली. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून देण्यात आले. जखमींना त्यांच्या जखमेच्या मानाने होन मिळाले. ही बखर प्रसंगानंतर तीन-साडेतीन दशकांनी लिहिली गेली असली तरी तिचा कर्ता महाराजांच्या दरबारातील आहे, आणि ही व्यवस्था पुढील काळातील रिवाजाशी जुळते. पेशवाईच्या दप्तरात रणमृतांच्या अज्ञान मुलांच्या व कुटुंबाच्या निर्वाहार्थ दिलेल्या नेमणुकांस ‘बालपरवेशी’ अशी संज्ञा आढळते. परवेशी म्हणजे परवरिश, संगोपन.

या संज्ञेत राज्याची दृष्टी उमटली आहे. मृताच्या पराक्रमाची किंमत म्हणून ही नेमणूक नाही; बालकाच्या संगोपनासाठी ती आहे. अर्थात ती ज्या घरात खर्च व्हावयाची, त्या घराची धनीण बहुधा विधवा आई किंवा आजी असे. पुत्र नसलेल्या विधवेस अर्धेच वेतन मिळे, यावरून तत्कालीन समाजात स्त्रीचा स्वतःचा हक्क किती तोकडा होता हेही दिसते. त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. तरीपण सहगमन न करता मागे राहिलेली स्त्री ही राज्याच्या हिशेबात धरलेली व्यक्ती होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. शिळेवर जी नाही ती जमाखर्चात आहे.

(४)

मराठ्यांच्या इतिहासात ‘वीरमाता’ हा शब्द फार सैलपणे वापरला गेला आहे. मुलाला रणावर धाडणारी, डोळ्यांतून टिपूस न काढणारी आई असे तिचे चित्र एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील राष्ट्रीय वाङ्मयाने रंगविले. कागदपत्रांतून दिसणारी आई याहून गुंतागुंतीची आहे.

जिजाबाईंचेच उदाहरण घ्यावे. १६२९ मध्ये त्यांचे वडील लखुजी जाधवराव निजामशाही दरबारात मुलांसह मारले गेले. १६५४ च्या सुमारास त्यांचा थोरला मुलगा संभाजी कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात पडला. १६६४ मध्ये शहाजीराजे वारले, तेव्हा जिजाबाई सती जाण्यास निघाल्या व शिवाजी महाराजांनी त्यांना परावृत्त केले, असे बखरी सांगतात. यानंतर दोनच वर्षांनी महाराज आग्र्यास गेले तेव्हा राज्याचा भार मागे जिजाबाईंच्या देखरेखीखाली राहिला. १७ जून १६७४ रोजी, राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, पाचाड येथे त्यांचे निधन झाले. धाकट्या मुलाची आई म्हणून त्या सर्वांस ठाऊक आहेत. रणात पडलेल्या थोरल्या मुलाची आई म्हणून त्यांचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः हे दुःख पचवूनच त्यांनी पुढील वीस वर्षे धाकट्यास सल्ला दिला.

मृत शिपायाच्या घरी टिकून राहणे हेच कर्तव्य मानणाऱ्या स्त्रियांत अहिल्याबाई होळकर अग्रगण्य होत. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर ठार झाले, तेव्हा मल्हाररावांनी अहिल्याबाईंना सती जाऊ दिले नाही. मल्हाररावांनी त्यांना कारभारात तयार केले, आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी चालविलेल्या राज्याची साक्ष महेश्वरच्या घाटांपासून काशीच्या विश्वनाथ मंदिरापर्यंत आजही उभी आहे. कुंभेरीच्या चितेवर एक शिळा उभी राहिली असती; माळव्यास मात्र अठ्ठावीस वर्षांचा राज्यकारभार मिळाला नसता.

आईचे शहाणपण प्रत्येक वेळी यशस्वी झाले असे नाही. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ पहिल्या बाजीरावांशी झालेल्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. हा मृत्यू परक्या शत्रूकडून आलेला नव्हता; मराठ्यांनी मराठ्याला मारले होते. शाहू महाराजांनी मातोश्री उमाबाईंची समजूत घालण्याचा यत्न केला आणि सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांकडे ठेवले. अज्ञान मुलाच्या वतीने उमाबाईंनी दाभाड्यांची दौलत सांभाळली. पण मुलाचा मृत्यू विस्मरणात गेला नाही. १७५०-५१ च्या सुमारास त्या ताराबाईंच्या पक्षास मिळाल्या, तो पक्ष हरला, आणि १७५३ मध्ये त्या निवर्तल्या. येथे स्मृती घराला तारून नेणारी न ठरता वैर पुढे नेणारी ठरली. स्मृतीच्या या दोन्ही शक्यता अभ्यासकाने नजरेआड करू नयेत.

पानिपताने हा प्रश्न अधिक तीव्र केला. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामात विश्वासराव व सदाशिवरावभाऊ दोघेही पडले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी मात्र पतीचा मृत्यू मान्य केला नाही. सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. भाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये देहदंड पावला. तरी त्यांचा निश्चय ढळला नाही. १७८३ मध्ये पार्वतीबाई वारल्या, तेव्हाच भाऊंच्याही उत्तरकार्याचा प्रश्न मिटला. बावीस वर्षे पेशव्यांच्या घराने एका स्त्रीच्या शब्दाखातर रणमृतास जिवंत मानले. विश्वासरावांच्या मातोश्री गोपिकाबाईंचा मार्ग निराळा होता. एक मुलगा पानिपतावर, दुसरा १७७२ मध्ये क्षयाने, तिसरा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात मारेकऱ्यांच्या हातून, असे तिघे गमावल्यावर गंगापुरी राहणाऱ्या या स्त्रीने नातू सवाई माधवरावास उपदेशपत्र लिहिले. त्यात भर आहे तो दिनचर्येवर, अभ्यासावर आणि वडीलधाऱ्यांशी ठेवावयाच्या वागणुकीवर. ज्या आजीचे सर्व मुलगे गेले तिने नातवाला शिकविले ते रोजचे नीट जगणे, ही गोष्ट ‘वीरमाते’च्या रूढ चित्रापेक्षा अधिक बोलकी आहे.

(५)

वरील उदाहरणे थोर घराण्यांतील आहेत, हा आक्षेप रास्त आहे. सामान्य शिपायाच्या आईचे पत्र दप्तरात सापडत नाही. परंतु अर्वाचीन काळातील स्मारके सामान्य घरांकडेच बोट दाखवितात. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगाव भीमा येथे इंग्रजांनी उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली गेली, आणि त्यांतील ‘नाक’ हे उत्तरपद असलेली नावे महार समाजाला पुढे आपल्या लष्करी परंपरेचा लेखी पुरावा म्हणून उपयोगी पडली. नाव कोरल्याने काय साधते याचे हे उदाहरण. उलट, पहिल्या महायुद्धानंतर अनेक गावांत बसविलेल्या शिळांवर गावातून किती लोक गेले व किती परतले नाहीत, एवढा आकडाच आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या शिपायांच्या गावाने त्या युद्धात ४६ जण गमावले. आकडा सरकारने दिला. नावे घरांनी जपली. मध्ययुगीन वीरगळाचीच ही पुनरावृत्ती होय.

यावरून संशोधनाची एक दिशा सूचित होते. एस्. सेट्टर व गुंथर सोन्थायमर यांनी १९८२ मध्ये संपादिलेल्या ग्रंथापासून स्मारकशिळांच्या अभ्यासास व्यवस्थित स्वरूप आले, आणि अलीकडे वीरगळांची गावोगाव नोंद होत आहे. या नोंदीत शिळेची उंची, थरांची संख्या व शिल्पाचा विषय येतो. तिच्यासमोर नारळ कोण फोडते, कोणत्या दिवशी, व त्या घराच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक आहे काय, हे बहुधा येत नाही. शिळा आणखी शंभर वर्षे उभी राहील. टाक झिजला की विसर्जित होतो व नवा घडविला जातो. आणि ‘हा अमक्याचा’ असे सांगणारी वृद्धा गेली की त्या टाकाचा लेख पुसला जातो. म्हणून वीरगळाची मोजणी करणाऱ्या विद्यार्थ्याने वेशीवरचे काम संपल्यावर गावातल्या त्या घरी जावे, आणि घरातील वडील स्त्रीस देव्हाऱ्यातील देवांची नावे विचारावीत.