तागाच्या आडून

इसवी सनाचं पहिलं शतक, कार्तिक महिना. तुम्ही प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, वेशीबाहेर गोदेच्या काठी उभे आहात. पहिल्यांदा जाणवतो तो वास. उथळ पाण्यात दगडांखाली दाबलेल्या तागाच्या पेंड्या कुजताहेत.

एक तरुण बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून ताग सोलते आहे. बुडाशी काडी मोडते, साल बोटाला गुंडाळते आणि सर्रकन ओढते. लांबच लांब वाख हातात येतो, उघडी काडी प्रवाहाला लागते. शेजारी मैत्रीण आहे. काठावर सासू.

"यंदा तागात एकदाही मोर आला नाही गं," ती मैत्रिणीला म्हणते. "गेल्या साली रोज यायचा."

"बरंच झालं," सासू म्हणते. "शेंडे तरी वाचले."

"पुरुषभर वाढला होता, आत्याबाई. उभाच्या उभा वाया गेला. आता तर कापूनही झाला."

तुम्ही शेताकडे बघता. पीक उत्तम आलेलं दिसतं. मग वाया काय गेलं?

मैत्रीण खाली बघत पुटपुटते, "उत्तरेकडचं रान हिरवं असतं म्हणे. मोर तिकडेच रमले असतील."

वाख मध्येच तुटतो.

आता तुमच्या लक्षात येतं. इथून अकीकाचे दगड भरून गाड्या भरुकच्छाच्या बंदराला जातात. 'पेरिप्लस' हा ग्रीक भाषेतला ग्रंथ ती वाट 20 दिवसांची सांगतो. गेल्या कार्तिकात त्यातली एक गाडी हाकत तिचा प्रियकर गेला. पावसाआधी गाड्या परतल्या, तो नाही. नवऱ्याच्या घरात राहून त्याच्यासाठी रडायची सोय नाही, म्हणून ती तागासाठी हळहळते.

असल्याच आडून बोलणाऱ्या बायका हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'त भेटतात. कोटीभर गाथांतून 700 निवडल्या, असं तो ग्रंथच सांगतो. नवव्या शतकात काश्मीरचा आनंदवर्धन काव्यातला ध्वनी समजावताना त्यातल्या गाथांचे दाखले देईल. न बोललेला अर्थच तिथे मुख्य असतो, हे त्याला दाखवायचं असेल.

सासूला ध्वनीशी कर्तव्य नाही.

"मोराचं पुराण पुरे," ती म्हणते. "हात चालव."