तेलाच्या दाबाचा कांटा

मुंबईहून नाशिककडे चढणारी थळघाटाची रेल्वे १८६५ सालीं इगतपुरीस पोहोंचली. ३७ फुटांस १ फूट अशा त्या चढावर वाफेच्या दाबाचा अंदाज चुकणें परवडण्याजोगें नव्हतें. दाब मोजण्याची युक्ति पॅरिसच्या यूजीन बूर्दों यानें १८४९ सालीं काढली होती: वांकविलेली चपटी नळी दाबानें सरळ होऊं पाहते व कांटा हलवते. किती साधी गोष्ट!

हीच नळी पुढें मोटारींत तेलाचा दाब सांगूं लागली. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीपमध्यें असा कांटा असे. हीच जीप पुढें महिंद्रांनीं मुंबईंत जुळविली. नंतरच्या पुष्कळ गाड्यांत काटकसरीनें तांबडा दिवा आला. पण दिवा लागतो तो दाब बहुतेक संपल्यावर. कसारा घाटांत तेल तापून पातळ होत असतां तो मुकाच राहतो. यास्तव जाणते चालक वेगळा कांटा बसवून घेत. दिव्याचा स्विच काढून तेथें टी बसवावयाची. तिच्या एका तोंडास स्विच, दुसऱ्यास तांब्याची बारीक नळी. मात्र नळी पत्र्याच्या भोंकांत घासून चिरली, तर तेल तेथूनच सांडतें व बेअरिंगें कोरडीं पडून जळतात. म्हणून भोंकास रबराची कडी आधीं बसवावी लागते.