हे वाक्य नेमकं कुणाचं?

पीएचडीला नाव नोंदवलं की रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर आलाच. अवतरणचिन्हं कशी द्यायची, पान क्रमांक कुठे टाकायचा, तळटीप कशी लिहायची, हे सगळं त्यात शिकवतात. हे कशासाठी करायचं याचं उत्तर मात्र 'वाङ्मयचौर्य टाळण्यासाठी' एवढ्यात उरकतात. मला ते अपुरं वाटतं. समजा चोरीचा हेतू अजिबात नाही, पण दुसऱ्याचं वाक्य आपल्या मजकुरात आलं आणि ते कुठे सुरू होतं, कुठे संपतं हेच पुसलं गेलं. मग नंतरच्या वाचकाने काय करायचं? याचं एक जबरदस्त उदाहरण संस्कृत व्याकरणाच्या इतिहासात आहे आणि त्यातला बराच भाग पुण्यात घडलाय. व्याकरण येत नसलं तरी घाबरू नका, आपल्याला फक्त माणसं आणि त्यांची वाक्यं बघायची आहेत.

तीन माणसं आहेत. पाणिनीने सूत्रं लिहिली, साधारण चार हजार. नंतर कात्यायनाने त्यांतल्या अनेक सूत्रांवर छोटी छोटी विधानं केली, ती वार्त्तिकं. त्यानंतर पतंजलीने महाभाष्य लिहिलं. गंमत अशी की कात्यायनाच्या वार्त्तिकांचा स्वतंत्र ग्रंथ आज आपल्याकडे नाही. चार हजारांहून अधिक वार्त्तिकं आपल्याला मिळतात ती पतंजलीने उद्धृत केली म्हणून. म्हणजे कात्यायन आपल्यासाठी फक्त दुसऱ्याच्या अवतरणांत जिवंत आहे.

आणि हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नाहीत. संस्कृतात 'इति' आहे, पण तो बोलणं संपल्यावर येतो. कुठून सुरू झालं हे तो सांगत नाही, आणि प्रत्येक वार्त्तिकानंतर तो असतोच असंही नाही. मराठीतही हा घोळ आहे बरं का. 'सरांनी सांगितलं की मी चुकलो' या वाक्यात चुकलं कोण, सर की मी? बोलताना आवाजाने आणि संदर्भाने कळतं, कागदावर कळत नाही. मराठी छपाईत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय आपण मेजर कँडींना देतो, म्हणजे ही सोय आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातली.

त्यामुळे महाभाष्याचं पान समोर आलं की कात्यायन कुठे बोलतोय आणि पतंजली कुठे, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. शास्त्र्यांच्या परंपरेत याची जाण होती, टीकाकारही जागोजागी सांगतात. पण संपूर्ण ग्रंथभर एकेक वाक्य वेगळं काढून छापण्याचं काम केलं फ्रान्झ कीलहॉर्न यांनी. हे जर्मन गृहस्थ 1866 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला आले आणि 1881 पर्यंत इथे राहिले. त्यांची महाभाष्याची आवृत्ती मुंबई संस्कृत मालेत 1880 ते 1885 या काळात तीन खंडांत निघाली. तिच्यात वार्त्तिकांना क्रमांक आहेत.

त्यांनी ओळखलं कसं? मुख्य खूण पतंजलीच्या सवयीत होती. तो आधी वार्त्तिक जसंच्या तसं देतो, मग तेच शब्द घेऊन, समास सोडवून, क्रियापद घालून लांब वाक्यात पुन्हा सांगतो. म्हणजे एक आखूड, ठासून भरलेलं वाक्य आणि लगेच त्याचाच विस्तार दिसला, तर आखूड वाक्य बहुधा कात्यायनाचं. 'बहुधा' हा शब्द इथे महत्त्वाचा. कारण ग्रंथाचं अगदी पहिलं वाक्य परंपरेने पतंजलीचंच मानलंय, आणि त्यावरही तो लगेच स्पष्टीकरण देतो! स्वतःच्या वाक्यावर स्वतःच भाष्य. एका खुणेवर विसंबून चालत नाही ते असं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. 1861 मध्ये गोल्डस्टुकर यांनी लंडनहून पाणिनीवर मोठा ग्रंथ काढला. त्यात कात्यायन हा पाणिनीचे दोष काढणारा प्रतिस्पर्धी आणि पतंजली हा पाणिनीच्या बाजूने उभा राहणारा, असं चित्र होतं. कीलहॉर्न यांनी 1876 मध्ये मुंबईत छापलेल्या छोट्या पुस्तकात ते खोडून काढलं. त्यांचं म्हणणं असं की कात्यायन आक्षेप मांडतो आणि पुष्कळदा पुढच्या वार्त्तिकांत स्वतःच त्याचं उत्तर देतो. कुठे सूत्राचं समर्थन करतो, कुठे दुरुस्ती सुचवतो. आक्षेपापाशीच थांबलात तर तो टीकाखोर दिसणारच. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पूर्वपक्षालाच सिद्धान्त समजण्याचा हा प्रकार. एखाद्या लेखातून लेखकाने खोडण्यासाठी मांडलेलं मत उचलायचं आणि 'अमुक असं म्हणतात' लिहायचं. अवतरणात एकही अक्षर बदललेलं नसतं, तरी ते खोटं असतं.

हद्द कळण्यावर कालगणनाही अवलंबून असते. रा. गो. भांडारकरांनी 1872 साली पतंजलीचा काळ इ. स. पूर्व दुसरं शतक ठरवला, तो महाभाष्यातल्या उदाहरणांवरून. पुष्यमित्राच्या यज्ञाचा तिथे चालू वर्तमानकाळात उल्लेख आहे. यवनांनी साकेताला वेढा घातल्याचं उदाहरण तर अशा नियमाखाली येतं, की घटना लोकांना माहीत हवी, बोलणाऱ्याने ती पाहिलेली नसावी, पण पाहू शकला असता अशा काळातली हवी. तो नियम कात्यायनाचा, उदाहरण पतंजलीचं असं धरलं की युक्तिवाद चोख बसतो. पण वैयाकरण जुनी उदाहरणं पिढ्यान्‌पिढ्या तशीच वापरतात. उदाहरण आधीच्या कुणाचं असेल तर? ही शंका अभ्यासकांनी काढली. माझ्या मते भांडारकरांची बाजू अजूनही भक्कम आहे, पण ती कशावर उभी आहे हे माहीत असलेलं बरं.

कीलहॉर्न यांचा निवाडाही शेवटचा मानला गेला नाही. पुण्यातच शि. द. जोशी आणि रूडबर्गेन यांनी 1968 पासून महाभाष्याच्या एकेका आह्निकाचा अनुवाद काढला. त्यात तुकडा तुकडा वेगळा करून हा आक्षेप, हे उत्तर, हे कुणाचं, याची चर्चा केलीय. एखादं आह्निक लायब्ररीतून काढून वाचाच, भले व्याकरण हा तुमचा विषय नसेना.

आजही महाभाष्याचा संदर्भ देताना कीलहॉर्न यांच्या आवृत्तीचा खंड, पान आणि ओळ देतात. वाक्य वार्त्तिक असेल तर सूत्राचा आणि वार्त्तिकाचा क्रमांकही देतात. 'पतंजली म्हणतो' असं लिहिण्याआधी त्या ओळीशेजारी क्रमांक आहे का ते बघा. असेल, तर ते कात्यायन म्हणतोय, निदान कीलहॉर्न यांच्या मते.