पायथॉनमधील मॉड्यूल-आयातीचे दोष : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
संगणकभाषांच्या इतिहासात सुविधांची नोंद होते. दोषांची क्वचितच होते. पायथॉन शिकताना 'मॉड्यूल सापडत नाही' हा दोष आरंभीच भेटतो आणि बहुधा विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणाच्या खाती मांडला जातो. त्याचे मूळ भाषेच्या शोधपद्धतीत कसे आहे, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शोधपद्धतीचे स्वरूप :
गिडो व्हान रॉसम यांनी फेब्रुवारी १९९१ मध्ये पायथॉनची ०.९.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली. 'इम्पोर्ट' ही आज्ञा मिळताच इंटरप्रिटर आधी स्मृतीत आलेली मॉड्यूल्स, मग अंगभूत मॉड्यूल्स आणि शेवटी 'सिस.पाथ' या यादीतील फोल्डर क्रमाने पाहतो. पहिले जुळणारे नाव मिळताच शोध थांबतो. यादीच्या आरंभी बहुधा चालू प्रोग्रामचेच फोल्डर असते. त्यामुळे विद्यार्थ्याने आपल्या फाइलला 'रँडम' असे नाव दिल्यास त्याच नावाचे मूळ मॉड्यूल झाकले जाते. दोष एकीकडे दिसतो, कारण दुसरीकडे असते.

सुधारणांचे टप्पे :
पायथॉन २ मध्ये पॅकेजच्या आतील मॉड्यूललाही असेच प्राधान्य मिळे. २००६ मधील २.५ या आवृत्तीने ही संदिग्धता टाळण्याचा ऐच्छिक मार्ग दिला. डिसेंबर २००८ मधील ३.० मध्ये तोच नियम झाला. ग्रंथालय एका इंटरप्रिटरसाठी बसवायचे आणि प्रोग्राम दुसऱ्याने चालवायचा, हा घोटाळाही नित्याचा होता. २०१२ मध्ये ३.३ या आवृत्तीत 'व्हेन्व्ह' समाविष्ट झाल्याने प्रत्येक प्रकल्पास स्वतंत्र परिसर देणे सुलभ झाले. डिसेंबर २०१६ मधील ३.६ ने 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर' हा वेगळा दोषप्रकार आणला. मॉड्यूलच नसणे आणि मॉड्यूलमध्ये अपेक्षित नाव नसणे यांतील भेद त्यामुळे स्पष्ट झाला. ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ तर फाइलच्या नावाने मूळ मॉड्यूल झाकल्यामुळे दोष उद्भवल्यास नाव बदलण्याचे सुचवते.

निष्कर्ष :
वरील टप्प्यांवरून असे दिसते की, भाषेने दोषाची जबाबदारी हळूहळू स्वतःकडे घेतली. अध्यापनानेही तीच दिशा धरणे इष्ट ठरेल. ग्रंथालय पुन्हा बसवण्यापूर्वी कोणता इंटरप्रिटर चालू आहे, 'सिस.पाथ'मध्ये काय आहे आणि मॉड्यूल प्रत्यक्षात कोणत्या फाइलमधून आले, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यास विचारावयास शिकवले पाहिजे. नावाचा शोध कोठे घेतला जातो हे ज्यास उमगले, तो दोषास भीत नाही.