दुष्काळ की टंचाई?

इंग्रजीत ‘फॅमिन’ म्हणजे दुष्काळ आणि ‘स्कार्सिटी’ म्हणजे टंचाई. टंचाईत धान्य, पाणी, चारा कमी पडतो. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरतात. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रज सरकारने ‘फॅमिन कोड’ केले, त्यांत या दोन वेगळ्या पायऱ्या ठरल्या.

१९६३ साली महाराष्ट्राने कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्दच काढला आणि त्याजागी ‘स्कार्सिटी’ घातला. नऊच वर्षांनी, १९७२ साली, औरंगाबादसह (आजचे छत्रपती संभाजीनगर) सारा मराठवाडा होरपळला. विहिरी आटल्या. जमीनवाले शेतकरीही खडी फोडायला गेले. लोकांनी मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. त्या मजुरीने मोठी मनुष्यहानी टळली.

कागदोपत्री ती टंचाईच होती. पण आमच्याकडे ‘बहात्तरची टंचाई’ कुणी म्हणत नाही. ‘बहात्तरचा दुष्काळ’च म्हणतात. कायद्यातून शब्द काढून कुणाची चूल पेटली नाही. ती पेटली कामामुळे. पुढे १९७७च्या रोजगार हमी कायद्याने ते काम मागणे हा लोकांचा हक्क झाला.